चटक्याला कोणी जखम म्हणत नाही

८ जानेवारी

शेंडेफळास,

वहिनीकडून आशीर्वाद वगैरे तू धरून चाल. ते लिहीत बसले तर मुद्दा राहून जाईल.

तू रोज फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून तुझा दादा माझ्यावर चिडलाय. त्याला म्हटलं, तुझी बहीण फोनवर बोलत नाही, माझा श्वास मोजते. मी 'बरी आहे' म्हणायला मध्ये किती वेळा थांबले, त्यावरून रात्री झोपायचं की रडायचं ते ठरवते. त्यापेक्षा पत्र बरं. पत्राला धाप लागत नाही.

आता बातमी. डावा स्तन काढला तेव्हा आपण सगळ्यांनी म्हटलं होतं, ब्याद टळली. ती टळली नव्हती, दबा धरून बसली होती. गेले काही महिने जिना चढताना दम लागायचा. मी म्हटलं वय झालं, तुझा दादा म्हणाला वजन झालं. त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता, कारण खाली दुकान, मागे भट्टी, वर घर आणि त्याच्याही वर मैद्याची पोती, म्हणजे दिवसभर आपली खालीवर. शेवटी डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढला तर फुप्फुसाभोवती पाणी. सुई घालून ते काढलं आणि तपासलं. त्यात त्याच जुन्या पेशी निघाल्या. पाहुणे गेले असं समजून आपण अंथरुणं गुंडाळली, आणि ते दुसऱ्या खोलीत निजलेले.

रडून झालं आहे. तू परत सुरुवात करू नकोस.

नेहमीच्या सलाईनबरोबर आता एक नवं इंजेक्शन देणार आहेत. ते म्हणे आजाराला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. मी लगेच म्हटलं, माझी नणंद हेच काम करते. डॉक्टरबाईंनी कौतुकाने विचारलं, म्हणजे नक्की काय करतात त्या? आणि माझी बोबडी वळली. गिऱ्हाइकांना इतकी वर्षं ऐकवतेय की आमच्या वन्सं प्रयोगशाळेत मोठं काम करतात, आणि काय करतात ते मलाच ठाऊक नाही. तेव्हा लिही. मोठाले शब्द नकोत. भट्टीवरच्या बाईला कळेल असं लिही.

तुझी वहिनी


१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं आणि तू सांगूनही मी सुरुवात केलीच. आता आवरलं आहे.

मी काय करते ते सांगते. इस्पितळातून गाठीचे तुकडे मेणात घालून आमच्याकडे येतात. मी त्यांचे काप काढते. तू ब्रेडचे काढतेस तसेच, फक्त इतके पातळ की माझ्या श्वासाने उडतात. मग त्यांना असा रंग देते की बाकी सगळं फिकट निळं राहतं आणि रक्तवाहिन्या तेवढ्या तपकिरी दिसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजते. बस, एवढंच. तुझ्या मोठ्या कामाच्या नणंदेचं मोठं काम मोजणीचं आहे.

पण त्या का मोजायच्या, ते ऐक. गाठ लहान असते तेव्हा आजूबाजूच्या रक्तावर तिचं भागतं. थोडी वाढली की मधल्या पेशींना हवा पुरत नाही, त्यांचा जीव गुदमरतो. मग त्या एक प्रथिन बाहेर सोडतात. आम्ही त्याला रक्तवाहिन्यांच्या वाढीचा घटक म्हणतो, तू निरोप्या म्हण. हा निरोप्या जवळच्या चांगल्या रक्तवाहिनीपाशी जातो, तिच्या अंगावरच्या ठरावीक कडीला लागतो, आणि सांगतो की इकडे फांदी काढ. ती बिचारी काढते. तिला काय माहीत निरोप कोणाचा आहे. फांदी गाठीपर्यंत पोचते, गाठीला अन्न मिळतं, आणि ज्या वाटेने अन्न आत येतं त्याच वाटेने चार पेशी बाहेर पडतात आणि शरीरात दुसरीकडे जाऊन बसतात. तुझे दुसऱ्या खोलीतले पाहुणे गेले ते बहुधा असेच. शिवाय या घाईघाईत काढलेल्या रक्तवाहिन्या फार कच्च्या असतात, पाझरतात. छातीतलं पाणी साठायला तेही एक कारण.

नवं इंजेक्शन त्या निरोप्यालाच वाटेत धरतं. निरोप पोचत नाही, फांदी फुटत नाही. किती सुंदर युक्ती आहे बघ. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा आनंदाने दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

एक मात्र लक्षात ठेव. हा निरोप्या मुळात वाईट नाही. आपल्याला कुठे लागलं, कापलं तर जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या हाच बोलावतो. इंजेक्शन चांगलं-वाईट ओळखत नाही, सरसकट सगळे निरोप अडवतं. म्हणून अंगावर जखम असेल तर ते देत नाहीत. सिस्टर विचारतील तेव्हा नीट सांग. रक्तदाब वाढू शकतो, नाकातून थोडं रक्त येऊ शकतं, त्याला घाबरू नकोस.

बाकी या औषधाबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, ते सवडीने लिहीन.

तुझंच शेंडेफळ


२५ फेब्रुवारी

शेंडेफळास,

आज मी वरच्या माडीवर मैद्यापाशी जाऊन आले. मध्ये न थांबता. वर पोचले, पोत्यावर बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मला बसायची गरज नव्हती. मग पुन्हा उभी राहिले आणि उगाच इकडून तिकडे चालले. तुझा दादा खालून ओरडला, काय हरवलंय? म्हटलं, हरवलेलं सापडलंय, तू तुझं काम कर.

तुझ्या निरोप्याला चांगलं पकडलंय बाई त्या औषधाने. आता फोटोत पाणी जवळजवळ नाही. आधी मला तीन उशा पाठीशी लावून बसूनच झोपावं लागायचं, आता आडवी झोपते. मेलं, आडवं झोपण्यात इतकं सुख असतं हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. केस गेले आहेत, पण बेकरीत तसंही डोक्याला फडकं बांधायचंच असतं. गिऱ्हाइकांना पत्ताही लागला नाही. रक्तदाब वाढला, त्याची गोळी चालू आहे. नाकातून रक्त येतं, एकदा केकच्या पेटीवर ठिपका पडला. तुझा दादा म्हणाला, चेरी समजून खपली असती.

आणि हो, मी भट्टीवर परत उभी राहते आहे. तासभरच. तुझा दादा नको म्हणतो, पण त्याचं तोंड बघितलंस तर कळेल की त्याला किती बरं वाटलंय. आमची मदतनीस बाई काही वाईट नाही, पण पावाच्या पाठीवर टिचकी मारली की आतून आवाज कसा यायला हवा, ते तिला अजून कळत नाही. परवा घाईत ट्रे काढताना नडगीला टेकला, एवढा चटका बसला. आमच्याकडे त्याचं कौतुक नाही. तुझ्या दादाच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत नुसत्या पट्ट्याच आहेत, त्यातली एकही त्याला आठवत नाही. चटका बसला की पाण्याखाली धरायचा आणि पुढचा ट्रे काढायचा. इस्पितळात सिस्टर दर वेळी विचारते, कुठे जखम? कुठे कापलं? दात काढला? मी म्हणते, काही नाही. खरंच काही नाही. इतकी धडधाकट मी गेल्या वर्षभरात नव्हते.

तुझं ते उरलेलं सवडीचं पत्र कधी येतंय?

वहिनी


६ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी कामाच्या ठिकाणी उभ्या उभ्या वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मिठी मारली. त्या माझ्या वरिष्ठ आहेत आणि मिठ्या मारण्यातल्या नाहीत. त्यांना तुझा जिना सांगितला. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं आपण रक्तवाहिन्या मोजतोय, त्यांतली एक कमी झाल्यावर माणूस जिना चढतो, हे कोणी कधी येऊन सांगितलं नव्हतं.

खरंच नव्हतं. माझ्याकडे काप येतात, माणसं येत नाहीत. कापावर फक्त क्रमांक असतो. त्या क्रमांकाचं पुढे काय झालं ते मला कळत नाही, आणि खरं सांगू, मी कधी विचारायलाही गेले नाही.

तू आडवी झोपतेस हे मी चार वेळा वाचलं. त्या माडीबद्दल अजून लिही. पोत्यावर बसून काय दिसतं तेही लिही. मी लहान असताना तू मला तिथे लपवून ताजं बिस्किट द्यायचीस, आणि आई म्हणायची, नव्या सुनेने पोरीला लाडावून ठेवलंय.

सवडीचं पत्र लिहीन. सध्या नुसता आनंद करू दे.

शेंडेफळ


२ एप्रिल

शेंडेफळास,

उशीर झाला. काम होतं.

एक विचारायचं होतं. इंजेक्शनच्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसते. तिलाही हेच चालू आहे. बरी आहे बाई, बडबडी आहे, थोडी माझ्यासारखीच. तिच्या पायाला काहीतरी लागलंय, महिना उलटून गेला, भरत नाही. दुखतही नाही फारसं. कडेने काळपट आहे आणि मधे पिवळट, ओलं. आधी लहान होतं, आता बशीएवढं झालंय म्हणते. मोजे घालून असते. तिने डॉक्टरबाईंना सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की इंजेक्शन बंद करतील, आणि इंजेक्शनने तिला फार गुण आलाय. तिचं म्हणणं, अजून थोडे दिवस थांबावं, मलम लावावं, आपोआप भरेल. मी म्हटलं माझ्या नणंदेला विचारते, तिला सगळं कळतं.

तर तिला काय सांगू?

इकडे सगळं ठीक. उकाडा वाढलाय. तुझा दादा बरा आहे.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

शेजारच्या बाईला सांग की ते आपोआप भरणार नाही. इंजेक्शन चालू आहे तोवर तर नाहीच. जखमेतल्या पेशी निरोप पाठवत असतील आणि एकही पोचत नसेल. रक्त नाही म्हणून ते लाल नाही, पिवळं आहे. कड काळी आहे म्हणजे ती कातडी मेली आहे. आणि सोबतच्या नेहमीच्या सलाईनने अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणजे जंतू शिरले तर अडवायला कोणी नाही. विष अंगभर पसरायला मग वेळ लागत नाही. तिला सांग, दुखत नाही ही चांगली खूण नाही. तिला सांग की उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा, आणि ताप आला असेल तर उद्याचीही वाट बघू नकोस.

आता शेजारच्या बाईचं नाटक पुरे. ती तूच आहेस.

मी फेब्रुवारीतलं पत्र काढून परत वाचलं. तू मला चटक्याबद्दल लिहिलं होतंस. मी जिना वाचला, आडवं झोपणं वाचलं, आणि ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून तशीच गेली. माझं हे कामच आहे वहिनी, आणि मला दिसलं नाही.

तू थांबून आहेस त्याला अजून एक कारण मी आहे. पहिल्या पत्रात सगळं रंगवून सांगितलं आणि मुख्य गोष्ट सवडीवर टाकली. आता सांगते. हे इंजेक्शन आजार घालवत नाही, काही काळ रोखून धरतं. एक निरोप्या अडवला की गाठ पुढे दुसरा शोधते, तिच्याकडे निरोप पाठवायच्या अनेक वाटा असतात. बऱ्याच बायकांना काही महिने चांगले मिळतात, पण हिशेब केला तर एकूण आयुष्य लांबतंच असं दिसत नाही. तू ज्याच्यासाठी पाय पणाला लावते आहेस ते कायमचं नाही. बाकीची औषधं आहेत. हे थांबलं म्हणजे सगळं संपलं असं नाही.

दादाला तूच सांग, म्हणून त्याला न कळवता हे कुरियरने पाठवते आहे. मी सकाळपासून फोन करते आहे. उचल.

शेंडेफळ


१३ एप्रिल

वन्सं,

तुम्ही शिकलेल्या आहात, आम्ही पीठ मळणारी माणसं. पण आम्हाला अगदीच अडाणी समजू नका.

काही महिनेच मिळतात हे मला माहीत होतं. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं. तू सवडीवर टाकलंस तेव्हा मला कळलं की तुलाही माहीत आहे आणि तुझ्याने लिहवत नाही. म्हणून मी विचारत राहिले, कधी येतंय ते पत्र. तुला छळायला नाही. मला वाटलं, कोणाशी तरी ते बोलता येईल.

तुझं डोकं कधी कोणी पाण्यात दाबून धरलंय? माझं धरलं होतं, हिवाळाभर. बसून झोपायचं, बसून खायचं, अर्धं वाक्य बोलायचं आणि उरलेलं अर्धं समोरच्याने समजून घ्यायचं. आता डोकं वर आलंय. तू म्हणतेस पाय वाचव. पाय घेऊन मी काय करू, श्वास नसेल तर? मी हिशेब करून ठरवलंय. काही महिने तर काही महिने, पण ते मला आडवं झोपून, जिना चढून, भट्टीवर उभं राहून हवेत. पायाचं मी बघेन.

तू मेणातले काप मोजतेस. त्यांना धाप लागत नाही.

ताप थोडा येतो, संध्याकाळी. गोळीने उतरतो. तुझ्या दादाला यातलं काही माहीत नाही आणि कळताही कामा नये. तुला माझी शपथ आहे. आई गेल्यावर तुला मी वाढवलंय, आजवर त्याबद्दल काही मागितलं नाही, आता एवढंच मागते. गप्प राहा.

वहिनी


२३ एप्रिल

चि. शेंडेफळ,

शाळा सुटल्यावर हे माझं पहिलं पत्र. चुका काढू नकोस.

तुझा फोन आला त्याच दिवशी तिला इस्पितळात नेलं. ती येत नव्हती. मी दुकानाचं शटर ओढलं, भर दुपारी, गिऱ्हाईक उभं असताना. ते बघितल्यावर ती उठली. ताप चांगलाच होता. डॉक्टरबाईंनी मोजा काढायला लावला. इंजेक्शन बंद केलं. मेलेलं सगळं कापून काढलं. खाली हाड दिसत नव्हतं एवढंच नशीब. दोन दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं ते त्या बोलल्या, मी लिहीत नाही. आता ताप उतरलाय. पाय राहील. ती पण राहील, आत्तापुरती.

ती माझ्याशी बोलत नाही. तुझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते.

तुला एक सांगायचंय, म्हणून लिहायला बसलो. तू फोनवर म्हणालीस, दादा, तुला हे कसं सांगू, तुला धक्का बसेल. मी तेव्हा नुसतं 'नेतो तिला' म्हटलं. मला माहीत होतं. बायको उन्हाळ्यात मोजे घालून झोपते आणि नवऱ्याला कळत नाही, असं कुठे असतं का? आणि वास. पीठ आंबलंय की बिघडलंय हे मी नाकाने सांगतो. माझ्या शेजारी काय बिघडतंय ते मला पंधरा दिवसांपासून कळत होतं.

पण ती आडवी झोपत होती. हिवाळाभर ती बसून घुरघुरायची आणि मी जागा असायचो. आणि आता ती शेजारी आडवी झोपून सरळ श्वास घेत होती. मी तो ऐकत पडायचो. मला वाटायचं, उद्या बोलू. बोललो की तो श्वास काढून घेतील. ती मला फसवत होती, मी तिला फसवत होतो, आणि दोघं सुखात होतो.

तू फोन केलास तेव्हा मला राग आला नाही. सुटल्यासारखं वाटलं. माझं काम तू केलंस.

हे तिला सांगितलेलं नाही. सांगेन.

दादा


१० मे

प्रिय वहिनी,

तू हे पत्र वाचशील की नाही माहीत नाही. दादाला सांगितलंय, नुसतं उशाशी ठेव.

शपथ मी मोडली. तुझं पत्र वाचून संपायच्या आत मोडली, 'ताप थोडा येतो' या ओळीवर. पुढची शपथ मी दादाला फोन लावतानाच वाचली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन. त्याबद्दल माफी मागत नाही. तुझा श्वास मी काढून घेतला असं तुला वाटतं, ते खरं आहे आणि ते माझ्याने सोसवत नाही, एवढंच सांगते.

काप मोजत होते, परवा. एका क्रमांकाची मोजणी नव्वदीच्या घरात गेली. फांद्याच फांद्या, सगळीकडे तपकिरी. काचेवर असा काप आला की आम्ही एकमेकींना बोलावून दाखवतो, इतका तो ठळक असतो. मी कोणाला बोलावलं नाही. मला कळेना की या क्रमांकाच्या बाईला जिना चढता येत असेल का. मी काच बाजूला ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. वरिष्ठ बाई आल्या, पाण्याचा पेला दिला आणि उरलेले माझे काप स्वतः मोजले.

तू मला वाढवलंस. आणि मला तू अजून हवी आहेस. हे कारण स्वार्थी आहे, पण माझ्याजवळ दुसरं नाही.

शेंडेफळ


२८ जून

शेंडेफळास,

उशीर मुद्दाम केला. राग होता. आजही आहे, पण तो आता रोजच्या वापरातला झालाय.

तुझ्या दादाने मला सांगितलं. पंधरा दिवस त्याला वास येत होता, ते. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरचं घड्याळ बघत होता. मी म्हटलं, म्हणजे इतके दिवस मी चोरून मोजे धुवत होते आणि तू चोरून वास घेत होतास. मग आम्ही दोघं हसलो, आणि मग तो रडला. लग्नापासून आजवर मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. घरात तूच काय ती रडकी, अशी माझी समजूत होती.

आता पायाचं ऐक. सिस्टर रोज पट्टी बदलायला येते. इतके दिवस आत नुसतं फिकट, निर्जीव दिसायचं. महिना गेला, काही हलेना. मग एक दिवस तिने पट्टी सोडवली आणि कडेला रक्ताचा थेंब आला. मी घाबरले. ती म्हणाली, अहो, रडता काय, ही चांगली खूण आहे, बघा, खाली लाल दाणे धरलेत. मी घाबरून रडत नव्हते. मला तुझं पत्र आठवलं. म्हटलं, निरोप पोचायला लागले. पायाला पोचले म्हणजे आतही पोचले असणार. तिला हे काय सांगायचं, ती बिचारी इतकी खूश झाली होती. मीही मग खूश झाले. खरंच झाले. लाल रंग बघून बरं वाटतंच माणसाला.

आता जखम रुपयाएवढी उरली आहे. आणि छातीत पाणी पुन्हा धरलंय, पहिल्याइतकं नाही. दुसरं औषध सुरू केलंय. पाय पूर्ण भरला की ते इंजेक्शन परत द्यायचं का, त्यावर डॉक्टरबाई माझ्याशी बोलणार आहेत. त्या म्हणतात, देऊन बघता येईल, पण मागच्यासारखा गुण येईलच असं नाही. मी म्हटलं, माहीत आहे, आजाराकडे निरोप पाठवायच्या पुष्कळ वाटा असतात. त्या चमकून बघायला लागल्या. म्हटलं, माझी नणंद काप काढते, रंगवते आणि रक्तवाहिन्या मोजते. या वेळी अडखळले नाही.

वरचं घर सोडलंय. भट्टीमागच्या खोलीत खाट टाकली आहे, जिना नको म्हणून. परवा खाटेवरून उठून भट्टीपर्यंत चालत गेले, दोन्ही पायांवर. एक ट्रे काढला आणि लगेच स्टुलावर बसले. तुझा दादा म्हणाला, बघ, पाय नसता तर? मी म्हटलं, श्वास असता तर दुसरा ट्रेही काढला असता. दुसरा ट्रे त्याने काढला. मग मीच म्हटलं, एक ट्रे पण बरा.

तू केलंस ते बरोबर होतं हे मला पटलेलं नाही. सगळे म्हणतात, बरोबर होतं. तुझा दादा म्हणतो, डॉक्टरबाई म्हणतात, सिस्टर म्हणते. मी जिवंत आहे, म्हणजे मीही म्हणायला हवं. पण त्या मार्चमधली मी माझ्या फार आवडीची होते. माझ्या उरल्या आयुष्यातली ती तेवढीच असेल तर ती तू थांबवलीस, आणि नसेल तर तू मला वाचवलंस, आणि यातलं कुठलं खरं ते तुला कळायचं नाही आणि मलाही. यावर तुझ्याशी भांडायचंय मला. पत्रातून नाही. पत्रात तू शहाण्यासारखी लिहितेस आणि मी टोचून लिहिते, आणि दोघीही अर्धं लपवतो.

तू ये. मला आता मोठ्याने बोलता येत नाही, एका दमात चारपाच शब्द होतात. तेव्हा हळूहळू भांडू. आणि हळूहळू भांडायला वेळ फार लागतो, म्हणून लवकर ये.

वहिनी